चौथी बाटली

डनीडन
१४ जून, रविवार

प्रिय मेरेआना मावशी,

खारवलेल्या पक्ष्यांची बादली पोचली. हेनारे मामाच्या ओळखीचा ट्रकवाला शुक्रवारी ती थेट प्रयोगशाळेतच देऊन गेला. झाकणावर तुझ्या अक्षरात ‘किरी, घरी नेईपर्यंत उघडू नकोस’ असं लिहिलेलं पाहून सगळे उघड म्हणून मागे लागले. मी उघडली नाही. काल दोन पक्षी तीन पाणी बदलून उकडले, सोबत बटाटे. शेजारच्या खोलीतली मुलगी वासाने उठून आली आणि म्हणाली, “कोण मेलंय?” मग तिनेच अर्धा पक्षी संपवला. मीठ बरोबर आहे. यंदा पिल्लं चरबीला जरा कमी वाटली. तसं आईला फोनवर बोलले तर ती म्हणाली, “जी पिल्लं पकडायला बेटावर येत नाही तिने चरबीचं बोलू नये.”

इथे ठीक आहे. थंडी आहे, पण तुमच्या ब्लफइतका वारा नाही. काम तेच, पाण्याचे नमुने येतात, तपासून जातात. गेल्या आठवड्यात एका गावच्या टाकीत दोष सापडला. तिथल्या माणसाने फोनवर मलाच झापलं, जणू जंतू मी घातले होते. मी त्याला आकडे पुन्हा वाचून दाखवले. तू असतीस तर त्याला दुसरं काहीतरी वाचून दाखवलं असतंस.

बादलीच्या तळाशी, पिशवीत बांधलेल्या, केटलीत घालायला मी भरून दिलेल्या सहा बाटल्या सापडल्या. धुऊन पाठवल्यास. चांगली बाटली तू कधी फेकली नाहीस हे खरं, पण दोन तर तू उघडल्यासुद्धा नव्हत्यास, आणि एक अर्धी भरलेली होती.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्टमधलं ऑपरेशन नको म्हणून तू इस्पितळातल्या नर्सला सांगणार आहेस, असं मामा म्हणाला. कारण विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, “सर्जनने एक गोष्ट मागितली, ती माझ्याने होत नाही, मग त्याचा वेळ कशाला खायचा?”

मावशी, तुझ्या पोटरीतली रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. आज तू धक्क्यापासून घरापर्यंत दोनदा थांबतेस. तसंच राहिलं तर पुढच्या वर्षी बेटावरचा चढ तुला चढता येणार नाही, आणि त्याहून वाईट काय होऊ शकतं तेही सर्जनने तुला सांगितलंय. त्याची अट फक्त सिगारेट सोडायची आहे. केटलीला त्याने हरकत घेतली नव्हती. (बघ, मीही केटलीच लिहिते आता. ई-सिगारेट हा शब्द पहिल्याच दिवशी तुझ्या तोंडात बसला नाही. “हे तर चहाच्या केटलीसारखं फुसफुसतंय,” म्हणालीस, आणि घरात तेच नाव पडलं.) केटलीवर तू गेल्या वर्षीच्या जूनपासून बेटावर जाईपर्यंत एकही सिगारेट ओढली नव्हतीस. चाळीस वर्षांची सवय, आणि एकही नाही. निकोटीनच्या पट्ट्या लावून आणि गोळ्या चघळून तुला जे आठवडाभरही जमलं नव्हतं, ते जमलं होतं. एकदा जमलं ते पुन्हा जमू शकतं. नर्सशी बोलण्याआधी एवढा विचार कर.

बेटावर नेलेल्या बाटल्यांत काही वेगळं होतं का, असं तू मामाकडून विचारलंस. निकोटीनचं म्हणशील, तर सहाही बाटल्यांवर अठराच लिहिलेलं आहे. तू परत पाठवल्यास त्या मी पाहिल्या.

पायाला ऊब दे. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवू नकोस, तिथे तुला चटका समजणार नाही.

तुझी,
किरिवाई


डनीडन
२८ जून, रविवार

प्रिय मावशी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. हे पत्र लांब होईल. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला पहिल्या वाक्यालाच “जाऊ दे गं पोरी” म्हणशील, आणि मी जाऊ देईन.

गुरुवारी मामा आला होता. बोटीच्या इंजिनाचा कुठलासा भाग न्यायला आलोय म्हणाला. तो तुमच्या जवळच्या इन्व्हरकार्गिललाही मिळाला असता, हे आम्हां दोघांना माहीत होतं. मी चहा केला. तो मागच्या दाराच्या पायरीवर बसून सिगारेट वळत होता, कारण घरात ओढायची नाही हा माझा नियम. मी विचारलं, “तू केटली घेणार होतास ना? मावशीसारखी?”

“घेणार होतो. तुझ्या मावशीचं पाहून.” त्याने कागदाला जीभ लावली. “मग तुझ्या मावशीचं पाहूनच नाही घेतली. तिच्यासारख्या बाईला नाही जमलं, तर माझी काय कथा?”

मी म्हटलं, “दहा महिने जमलं होतं.”

“घरी जमणं निराळं. घरी सगळंच जमतं.” मग बराच खोकला. “बेटावर काय झालं ते सांगितलं का तिने तुला?”

तू पुन्हा ओढायला लागलीस, एवढंच मला माहीत होतं. तंबाखू कुठून आली हा प्रश्न मला पडायला हवा होता. बेटावर दुकान नाही. मामा आपली तंबाखू तुझ्या नजरेला पडू नये म्हणून बोटीवरच ठेवून आला होता आणि दोन महिने चिडचिडत राहिला होता, हेही मला आईने सांगितलं होतं. तरी मला प्रश्न पडला नाही. किंवा पडला, आणि मी तो बाजूला ठेवला.

मामाने जे सांगितलं ते मी इथे लिहिते, म्हणजे मला काय काय माहीत आहे ते तुला कळेल.

सुरुवातीचे दिवस तू नेहमीसारखी होतीस. जमिनीवर पालथी पडून बिळात खांद्यापर्यंत हात घालायचीस आणि बाहेर काढलेल्या पिल्लाला “ये रे लठ्ठोबा” म्हणायचीस. मग चिडचिड सुरू झाली. मामा म्हणाला, “केटली तोंडातून निघेना तिच्या. बोटीचं धुराडं बरं. आणि वर म्हणायची, हेनारे, ही आटली रे, हिच्यात काही उरलं नाही. मी म्हटलं, बाटली बदल. तर म्हणाली, नवीनच आहे, पोरीने अठरा लिहिलंय, म्हणजे अठरा. दोष माझ्या अंगात आहे.”

मग तुझ्या हातून पक्षी फाटायला लागले. मामा हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता. पिसं उपटताना तुझ्या हातून कधी कातडी फाटलेली मी पाहिलेली नाही. लहानपणी मी फाडायचे तेव्हा तू फाटकी बाजू स्वतःच्या ढिगात घ्यायचीस आणि म्हणायचीस, फाटका पक्षी मीठ धरत नाही. या वर्षी तुझ्या ढिगातले फाटके मामाने मुकाट आपल्याकडे घेतले. तुला ते दिसलं, आणि तू हातातलं टाकून बाहेर गेलीस.

आणि संध्याकाळी तू आपल्या हद्दीवरच्या मोडक्या ओंडक्यापलीकडे गेलीस.

ते वाक्य ऐकल्यावर मी मामाला पुन्हा विचारलं, कारण मला वाटलं माझीच काहीतरी गफलत झाली. तो म्हणाला, “हो. म्हाताऱ्या तेओनेच्या जागेत. हाकही मारली नाही. सरळ त्याच्या झोपडीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तंबाखू मागितली.”

“त्याने काय केलं?”

“दिली. एक शब्द बोलला नाही. पुडकंच दिलं अख्खं. बोलला असता तर बरं झालं असतं. ती परत आली, केटली खिळ्यांच्या डब्यात टाकली, आणि म्हणाली, पुढच्या वर्षी मी येत नाही इथे. पाय गेला तर गेला.”

मावशी, ओंडका म्हणजे काय ते मला तूच शिकवलंस. मी सात-आठ वर्षांची असेन. एका निसटलेल्या पिल्लामागे धावत मी ओंडका ओलांडला. तू मला रागावली नाहीस. हाताला धरून परत ओंडक्याशी आणलंस, अलीकडे उभं केलंस आणि म्हणालीस, “आता हाक मार.” मी हाक मारली. कोणी आलं नाही. “पुन्हा मार.” अंधार पडायला लागला तेव्हा तेओनेची बायको आली. मग तू मला माफी मागायला लावलीस, आणि ते पिल्लू त्यांना द्यायला लावलंस. वाटेत तू म्हणालीस, प्रत्येक घराची जागा ठरलेली आहे. कोणी पाहत नाही म्हणून दुसऱ्याच्या बिळात हात घालायचा नसतो. भूक लागली असली तरी नाही, मदत करायची असली तरी नाही.

त्यानंतर तेओनेशी आपलं बोलणं कशावरून तुटलं ते मला नीट माहीत नाही. पण बोलणं तुटल्यावरही तू ती हद्द पाळलीस. ती तू ओलांडलीस ती तंबाखूसाठी, आणि त्याची लाज तुला पायापेक्षा जास्त आहे, हे मला गुरुवारी कळलं.

आता माझं.

बाटल्यांत वेगळं होतं.

पहिल्या बाटलीत खरोखर अठरा होतं. दुसरीत बारा. तिसरीत सहा, चौथीत तीन. पाचवी आणि सहावी, ज्या तू उघडल्या नाहीस, त्यांत निकोटीन अजिबात नव्हतं. दुकानातल्या द्रवात बिननिकोटीनचा द्रव मिसळून मी ते उतरवत नेलं. तुला आवडतो तो तंबाखूचा वास आणि पुदिन्याचा थेंब सगळ्यांत सारखा ठेवला, म्हणजे तुला फरक लागू नये. आणि सहाही बाटल्यांवर अठरा लिहिलं, झाकणांवर मात्र वापरायच्या क्रमाने एक ते सहा घातले. अर्धी राहिलेली बाटली चौथी आहे. ती बादलीत पाहिली त्याच क्षणी मला कळलं होतं की काय झालं आणि कुठे झालं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सहाही बाटल्यांवर अठराच लिहिलेलं आहे. ते वाक्य खरं होतं. म्हणूनच ते साध्या खोट्यापेक्षा वाईट आहे. तू सरळ विचारलं होतंस आणि मी असं उत्तर शोधलं की ज्यात मला खोटं बोलावं लागणार नाही. माझ्या कामात बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली तर नोकरी जाते, आणि जायलाच हवी. तिथे मी अनोळखी गावाच्या पाण्यासाठी जी काळजी घेते ती तुझ्यासाठी घेतली नाही.

आणि तू मला नाही म्हणाली होतीस. हे मी स्वतःला विसरू देत होते. मार्चमध्ये तुझ्या स्वयंपाकघरात मी म्हटलं होतं की आता हळूहळू निकोटीन उतरवत नेऊ. तू बटाटे सोलत होतीस. म्हणालीस, “आत्ता नको. बेटावरून आल्यावर बघू. तिथे माझ्या हाताला काम लागतं आणि तोंडाला केटली. दोन्ही एकदम काढू नकोस.” मी मान हलवली. “मान हलवू नकोस, शास्त्रज्ञीणबाई, तोंडाने बोल,” म्हणालीस. मी तोंडाने “बरं” म्हणाले.

मग इथे येऊन बाटल्या भरल्या.

का केलं, ते जमेल तितकं बरोबर लिहिते. मला वाटलं, बेटावर दुकान नाही, सिगारेट नाही, इतकी चांगली संधी पुन्हा येणार नाही. मला वाटलं, आकडा माहीत नसेल तर तुझ्या शरीराला तो कमी झाल्याचं कळणार नाही. मी कधी सिगारेट ओढलेली नाही. माझ्यासाठी अठरावरून तीनवर येणं म्हणजे फक्त पातळ करणं होतं. ही झाली सांगण्यासारखी कारणं. न सांगण्यासारखं कारण असं, की मे संपताना तुला धक्क्यावर घ्यायला यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, ‘मावशी, गेले दोन आठवडे तू नुसती वाफ ओढते आहेस,’ असं मी ठरवून ठेवलं होतं. ते वाक्य मी पाठ केलं होतं. ते तुझं यश म्हणून नव्हतं, माझं म्हणून होतं. मग आईने फोनवर सांगितलं की तू पुन्हा ओढायला लागलीस, आणि मी धक्क्यावर आले नाही. काम आहे म्हणून कळवलं. काम नव्हतं.

तेव्हा हे नीट समजून घे, कारण ऑपरेशन यावर अवलंबून आहे. केटलीने तुला दगा दिला नाही, आणि तू कमी पडली नाहीस. केटली काम करते कारण सिगारेटमधलं जे तुझं शरीर मागतं ते ती देते, जाळल्याशिवाय देते. मी तेच काढून घेतलं आणि रिकामी केटली तुझ्या हातात ठेवली. ‘ही आटली’ असं तू म्हणालीस ते तंतोतंत बरोबर होतं. तुझं शरीर बरोबर सांगत होतं आणि माझी चिठ्ठी चूक, आणि तू चिठ्ठीवर विश्वास ठेवलास, कारण ती मी लिहिली होती.

सगळ्यांचीच सिगारेट केटलीने सुटते असं मी म्हणत नाही. खूप जण परत सिगारेटकडे जातात, आणि वाफ निरुपद्रवी आहे असंही मी तुला कधी सांगितलेलं नाही. पण तुझ्यापुरतं उत्तर तू बेटावर जायच्या आधीच दिलं होतंस. ते मी खोडलं.

गुरुवारी मी हे सगळं आधी मामाला सांगितलं. त्याने ऐकलं. सिगारेट बोटांतच विझली. मला वाटलं, तो ओरडेल. तो म्हणाला, “मी फाटके पक्षी गोळा करत होतो, आणि ती माझी माफी मागत होती. रोज.” मग उठला. मी म्हटलं, “तू तिला सांगशील का?”

“मी काय पोस्टमन आहे? ज्याने ओलांडलं त्याने हाक मारायची.”

चहा तसाच ठेवून तो गेला.

या पत्राबरोबर एक खोकं आहे. त्यात चार बाटल्या आहेत, दुकानातल्या, कारखान्याचं सील असलेल्या. मी त्या उघडलेल्या नाहीत, त्यांत काही मिसळलेलं नाही, वासही तुझा नाही, साधा तंबाखूचा आहे. तुला कदाचित आवडणार नाही. आकडा छापलेला आहे, माझ्या अक्षरातला नाही. तुझ्यासाठी मी यापुढे बाटल्या भरणार नाही. आकडा कधी उतरवायचा, उतरवायचा की नाही, ते तू आणि ती नर्स ठरवा. खिळ्यांच्या डब्यातली केटली मामा बेटावरून घेऊन आला आहे. त्याच्याकडे माग.

नर्सला तू दहा जुलैपर्यंत सांगायचं आहे, असं आईने सांगितलं. तिला तू नाही म्हणणार असशील तर तो तुझा निर्णय. पण तो चौथ्या बाटलीवरून घेऊ नकोस. माझ्यावरचा राग पायावर काढू नकोस.

तेओनेला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्याच्या दारात तू का आलीस ते त्यात आहे, आणि तुझ्या नावाने मी माफी मागितलेली नाही. ती माझ्या नावाने मागितली आहे. तुला न विचारता मी आणखी एक गोष्ट केली, हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय. म्हणून ते पत्र टाकलेलं नाही. याच पाकिटात आहे. वाच, आणि टाकायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव.

शनिवारी मी ब्लफला येते आहे. फाटक उघडून आत येणार नाही. बाहेर उभी राहून हाक मारीन. तू आली नाहीस तर पुन्हा मारीन. अंधार पडेपर्यंत थांबायची मला सवय आहे, ती तूच लावलीस.

ओंडक्याच्या अलीकडे उभी,
किरी